पडद्यातला शेजार

भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज यायचा. सकाळी सहाला सुरू व्हायचा तो रात्री अकराला थांबायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण. मधूनच खूप माणसं एकदम हसल्याचा आवाज. १९९४ च्या ऑक्टोबरात मी पिट्सबर्गला आले आणि पहिले काही दिवस मला वाटत होतं, शेजारच्या घरात गोतावळा मोठा आहे. मिरजेच्या वाड्यात वाढले होते मी. भिंतीपलीकडचा आवाज म्हणजे माणसं, एवढंच ठाऊक. त्या घरात राहत होती एकटी, सत्तरीची एक बाई.

ग्रीनफिल्ड ही आमची वस्ती. मोनोंगहेला नदीच्या वरच्या उतारावर, पोलाद कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची. एकाला एक चिकटून घरं, पुढं लाकडी ओसरी. तिला इथं पोर्च म्हणतात. नवरा सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत जायचा तो रात्री नऊला यायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नोव्हेंबर लागला तसा पाचलाच अंधार पडायला लागला, आणि एके दिवशी नवऱ्यानं रस्त्याच्या कडेला कुणी ठेवून दिलेला जुना टीव्ही उचलून आणला. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘चालतो’.

त्या हिवाळ्यात मी अमेरिका शिकले ती त्या खोक्यातून. माणसं जेवायला बसताना काय बोलतात, फोनवर निरोप कसा घेतात, रागावल्यावर आवाज चढवतात की बारीक करतात, सगळं. आणि विनोदी मालिकांमधलं ते हसू. पुढं कधीतरी वाचलं की चार्ली डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्यानं १९५० च्या दशकात हसण्याचं यंत्रच बनवलं होतं. टाइपरायटरसारख्या कळा, आत मुद्रित केलेली हसू. खुसखुस हवी तर ही कळ, खो-खो हवं तर ती. वाचल्यावर पोटात कसंतरी झालं. कारण त्या हिवाळ्यात मी त्या हसण्यात माझं हसू मिसळत होते. रिकाम्या खोलीत एकटं हसायला जीव धजत नाही. सोबतीला कुणी हसलं की हसता येतं. मालिका संपली की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची.

डिसेंबरात बर्फ पडलं तेव्हा शेजारची आजी फावडं घेऊन आमच्या पायऱ्या साफ करताना दिसली. मी धावत बाहेर गेले. तोंडानं मी तिला मिसेस आणि आडनाव असंच हाक मारायचे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून आजीच. तिनं मला आत नेलं, कॉफी दिली, आणि खुर्चीवर बसता बसता टीव्हीचा आवाज बंद केला. आमच्याकडेही आई हेच करायची. बाहेर चपला वाजल्या की आधी टीव्ही बंद, मग ‘या, बसा’. एवढ्या एका गोष्टीनं ते घर मला माझं वाटलं.

तिचा नवरा नदीपलीकडं होमस्टेडच्या कारखान्यात होता. १९८६ साली तो कारखाना बंद पडला आणि पुढच्या दोन वर्षांत नवराही गेला. तेव्हापासून टीव्ही दिवसभर चालू. ‘घरात कुणीतरी बोलायला हवं ना,’ ती म्हणाली.

तिच्या तोंडून मी अमेरिकेतल्या टीव्हीची गोष्ट ऐकली, आणि आजही मला ती तशीच आठवते, आकड्यांआधी ओसऱ्यांपासून. लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हा उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळी गल्ली बाहेर असायची. पुरुष पायऱ्यांवर, बायका झुलत्या बाकांवर, पोरं रस्त्यात. कुणाच्या घरी काय शिजलंय, कुणाची पाळी रात्रीची, सगळं सगळ्यांना ठाऊक. मग कोपऱ्यावरच्या एका घरात टीव्ही आला. पहिलं वर्षभर सगळी गल्ली त्या एका घरात. पुढं दोन घरांत आला, मग पाच, मग प्रत्येक घरात. आणि ओसऱ्या ओस पडल्या. १९५० मध्ये अमेरिकेतल्या शंभरांतल्या नऊ घरांत टीव्ही होता. १९६० मध्ये सत्त्याऐंशी घरांत. दहा वर्षांत एवढ्या मोठ्या देशाच्या संध्याकाळी घरात गेल्या. १९५० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या ताटलीतलं तयार गोठवलेलं जेवण बाजारात आलं, त्याचं नावच टीव्ही डिनर. मांडीवर ताटली, नजर समोर. ‘आम्ही एकमेकांच्या शेजारी बसायला लागलो,’ आजी म्हणाली, ‘त्याआधी समोरासमोर बसायचो.’

हे ऐकताना मला आमचा वाडा दिसत होता. १९८४ साली आमच्याकडंही असाच एक टीव्ही होता, घरमालकांचा. आम्हाला ओसरी सुटायला तीस वर्षं जास्त मिळाली, एवढंच.

पण तिच्या सांगण्यात नुसती हळहळ नव्हती, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. टीव्हीनं गल्ली मोडली तसा देश जोडलाही. १९ जानेवारी १९५३ ला विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल हिला तिच्या मालिकेत मूल झालं, तेव्हा चार कोटी चाळीस लाख लोक बघत होते. प्रत्यक्षातही त्याच दिवशी तिला मुलगा झाला. ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायची तेव्हा मालिकेला मुभा नव्हती, तरी गरोदर बाई पडद्यावर दिसली, आठवडेच्या आठवडे, पोटासकट. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी. तो पाहणारे दोन कोटी नव्वद लाख. आजीला त्याच वर्षी पहिलं मूल झालं. ती म्हणाली, त्याआधी बायका मोठे कोट घालून पोट झाकत बाजाराला जायच्या. तिनं कोट घातला नाही.

आणि मग नोव्हेंबर १९६३. शुक्रवारी दुपारी बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट यांनी चष्मा काढून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, राष्ट्राध्यक्ष केनेडी गेल्याची वेळ सांगितली, आणि त्यांचा आवाज अडकला. पुढचे चार दिवस मोठ्या वाहिन्यांवर एकही जाहिरात नव्हती. आजी म्हणाली, त्या चार दिवसांत गल्लीतले लोक पुन्हा एकमेकांच्या घरी गेले. प्रत्येकाकडं टीव्ही होता, तरी गेले. मला एकदम ३ नोव्हेंबर १९८४ आठवला. इंदिरा गांधींची अंत्ययात्रा. घरमालकांच्या खोलीत चाळीसेक माणसं, दारात चपलांचा ढीग, आणि ज्यांचं एकमेकींशी आठ वर्षं बोलणं नव्हतं त्या दोन जावा एकाच सतरंजीवर बसून रडत होत्या. मी आजीला हे सांगितलं. तिला इंदिरा गांधी माहीत होत्या. जावा म्हणजे काय, हे मात्र समजावून सांगावं लागलं.

एकदा मी तिला विचारलं, टीव्हीवर पाहिलेलं कधी विसरता आलं नाही असं काय? मला वाटलं केनेडी म्हणेल, नाहीतर चंद्र. ती म्हणाली, सेल्मा. ७ मार्च १९६५ चा रविवार. रात्री जर्मनीतल्या नाझींवरच्या खटल्याचा चित्रपट लागला होता, देशभर कोट्यवधी लोक बघत होते. चित्रपट मध्येच थांबवला आणि अलाबामातल्या सेल्माच्या पुलावरची दृश्यं दाखवली. मतदानाचा हक्क मागायला निघालेली काळी माणसं, त्यांच्यावर घोड्यांवरचे पोलीस, काठ्या, अश्रुधूर. काही क्षण कळेचना, म्हणाली, चित्रपट कुठं संपला आणि आपला देश कुठं सुरू झाला. पाच महिन्यांनी, ऑगस्टात, मतदानाचा कायदा झाला.

‘तोवर तुम्हाला माहीत नव्हतं?’ मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘माहीत होतं. मी लहान असताना हायलंड पार्कचा पोहण्याचा तलाव सुरू झाला, इथंच, आपल्या गावात. काळी पोरं पोहायला आली की त्यांना मारून बाहेर काढायचे. सगळ्यांना माहीत होतं. पण ते टीव्हीवर आलं नव्हतं.’

हायलंड पार्कचा तलाव १९३१ चा. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून महाडचं चवदार तळं आठवत होते, २० मार्च १९२७. पाण्याची भीती माणसाला कुठं कुठं वाटलीय! आणि हे तलावाचं सांगणं माझ्या मनात राहिलं म्हणूनच पुढं एक गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त खोल भिडली.

१९९६ ला लेक झाली. तिला टीव्ही दाखवायचा नाही असं मी ठरवलं होतं, कारण त्या पहिल्या हिवाळ्याची मला धास्ती होती. आजीनं सांगितलं, एक माणूस दाखव. आपल्याच गावचा आहे.

फ्रेड रॉजर्स. इथून तासाभराच्या अंतरावरच्या लाट्रोब गावात जन्मलेले. १९५१ साली कॉलेज संपताना ते घरी आले, आईवडिलांकडं नवा टीव्ही आला होता, आणि त्यावर माणसं एकमेकांच्या तोंडावर खायचे गोड पदार्थ फेकून मारत होती. इतक्या अद्भुत यंत्राचं हे करायचं? धर्मोपदेशक व्हायचं ठरलं होतं, ते बाजूला ठेवून ते टीव्हीत शिरले. पुढं धर्मशिक्षणही पूर्ण केलं, दीक्षाही घेतली, पण व्यासपीठ हेच राहिलं. पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या केंद्रात, आमच्या घरापासून बसनं पंधरावीस मिनिटांवर, त्यांनी १९६८ पासून २००१ पर्यंत लहान मुलांसाठीच्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’, म्हणजे ‘मिस्टर रॉजर्सचा शेजार’, या कार्यक्रमाचे जवळजवळ नऊशे भाग केले.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळेचना की यात पाहायचं काय. दारातून एक सडसडीत माणूस आत येतो. कोट काढतो, स्वेटर घालतो. बूट काढून कापडी बूट घालतो, नाडी बांधतो. माशांना खायला घालतो. घाई नाही. एका भागात ते अंडी उकडताना लावतात ते घड्याळ एका मिनिटाचं लावतात, आणि मिनिट म्हणजे केवढं हे मुलांना कळावं म्हणून मिनिटभर गप्प बसतात. टीव्हीवर, जिथं सेकंद विकले जातात तिथं. एका अंध मुलीच्या घरून पत्र आलं की मासे उपाशी तर नाहीत ना, याची तिला काळजी वाटते. तेव्हापासून ते तोंडानं सांगायला लागले, ‘मी आता माशांना खायला घालतोय.’

माझी लेक दोन-अडीच वर्षांची, टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट घेऊन बसायची. त्यांनी काही विचारलं की उत्तर द्यायची, मराठीत. ते थांबायचे. खरंच थांबायचे, मुलानं बोलावं एवढा वेळ. एकदा तिनं मला विचारलं, ‘आई, हे काका मला ओळखतात?’ मी हो म्हणाले. खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

आणि तो भाग. मे १९६९. उन्हाळा आहे, रॉजर्स अंगणात प्लॅस्टिकच्या छोट्या टबात पाय सोडून बसलेत. पोलीसदादा येतात. ते काम करणारे फ्रँस्वा क्लेमन्स काळे होते. रॉजर्स म्हणतात, या, पाय घाला. दोघे बसतात. पडद्यावर दिसतं ते एवढंच, एका टबात चार पाय, दोन गोरे, दोन काळे, आणि वर पाइपचं पाणी. भाषण नाही. ज्या गावच्या तलावातून पोरांना मारून बाहेर काढलं, त्याच गावातून हे साऱ्या देशाच्या लहान मुलांना दिसलं. जुना भाग पुन्हा कधीतरी पाहिला तेव्हा मी हातातलं काम ठेवून उभी राहिले. चवदार तळ्याच्या पाण्याची ओंजळ आठवून मला रडू आलं.

यानंतर मला अमेरिकेचा टीव्ही नीट दिसायला लागला. हा पडदा माणसाशी बोलतो ते दोनच नात्यांनी: शेजारी म्हणून, नाहीतर गिऱ्हाईक म्हणून. यंत्र तेच, खोली तीच. पैसे कोण देतं, त्यावर नातं ठरतं.

१ मे १९६९ ला रॉजर्स सिनेटच्या समितीपुढं गेले. सार्वजनिक प्रसारणाचे दोन कोटी डॉलर निम्मे करायचं घाटत होतं. समितीचे अध्यक्ष जॉन पास्टोरे कडक म्हणून प्रसिद्ध. रॉजर्स सहाएक मिनिटं बोलले, लिहून आणलेलं वाचलं नाही. राग आल्यावर त्याचं काय करायचं, हे मुलांना सांगणाऱ्या आपल्या गाण्याचे शब्द त्यांनी म्हणून दाखवले. पास्टोरे म्हणाले, अंगावर काटा आला. तुम्ही दोन कोटी मिळवलेत असं दिसतंय. बारा वर्षांनी, १९८१ मध्ये, प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचे नवे अध्यक्ष मार्क फाउलर म्हणाले, टीव्ही म्हणजे घरातलं आणखी एक उपकरण, चित्रं दाखवणारा टोस्टर. टोस्टरला कसले आले नियम? १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरच्या मर्यादा काढून टाकल्या. खेळणी आधी दुकानात आणि त्यांच्याच गोष्टी मग पडद्यावर, असा अर्धा-अर्धा तासाच्या जाहिरातींचा पूर आला. १९८७ मध्ये वादाच्या विषयाची दुसरी बाजूही दाखवलीच पाहिजे, हा १९४९ पासूनचा नियमही गेला. १९९७ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या जाहिराती टीव्हीवर करणं सोपं झालं. न्यूझीलंड सोडलं तर एवढी मोकळीक मी कुठं ऐकली नाही. आजी औषधांची नावं शिकली ती तिथूनच. तिच्या टेबलावर कागदाच्या कपट्यावर लिहिलेली असायची, डॉक्टरांना विचारायला.

आणि ज्या निधीसाठी रॉजर्स सहा मिनिटं बोलले, तो २०२५ च्या उन्हाळ्यात काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, काढून घेतला. मंजूर झालेले एकशे दहा कोटी डॉलर परत गेले, आणि तो निधी वाटणारी संस्था आवरायला लागली. बातमी वाचली तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. लेक आता दुसऱ्या शहरात असते. तिनं फोन करून एवढंच विचारलं, ‘आई, वाचलंस?’

पण मी पुढं आले. ११ सप्टेंबर २००१. लेक पाच वर्षांची. चौथं विमान इथून फार लांब पडलं नव्हतं, शँक्सव्हिलला, आमच्याच राज्यात. नवऱ्याचा फोन लागेना. मी टीव्हीसमोरून हलू शकत नव्हते. तेच विमान, तीच इमारत, पुन्हा, पुन्हा. दुपारी लेकीनं माझा पदर नाही, शर्टाची बाही ओढली आणि विचारलं, ‘आई, अजून किती बिल्डिंगा राहिल्यात?’

तिला वाटत होतं प्रत्येक वेळी नवं विमान आहे, नवी इमारत आहे, नवी माणसं आहेत. सकाळपासून ती मोजत होती.

तेवढ्यात आजी दार न वाजवता आत आली. ७७ वर्षांची. टीव्हीपाशी गेली आणि तिनं तो बंद केला. ‘केनेडीच्या वेळी मी माझ्या पोरांना चार दिवस दाखवलं,’ ती म्हणाली. ‘तू दाखवू नकोस.’ मग लेकीला घेऊन ती ओसरीवर गेली. मी खिडकीतून पाहत होते. हळूहळू समोरच्या घरातली माणसं बाहेर आली, मग त्यापलीकडची. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली पायऱ्यांवर होती. सात वर्षांत पहिल्यांदा मी ती गल्ली पाहिली जिच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. तसं झालं नाही.

त्यानंतरच्या वर्षांत आजीच्या घरून येणारा आवाज बदलला. हसू गेलं. दिवसरात्र बातम्या देणारी एक वाहिनी तिथं लागायला लागली, आणि पडद्याखालून सरकत जाणारी पट्टी. भिंतीपलीकडून आता नुसता चढलेला आवाज यायचा. तिनं दाराला दुसरी कडी बसवली. नवऱ्याचा एक शीख मित्र वर्षानुवर्षं आमच्याकडं यायचा. तिच्या पायऱ्यांवरचं बर्फ त्यानंही काढलं होतं. एकदा तो गेल्यावर तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘तो माणूस ठीक आहे ना? तुला नक्की माहीत आहे ना?’ हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी यांना पगडीपायी गोळी घातली होती. मला तिचा राग आला नाही. मला भीती वाटली, तिची नव्हे, तिच्यासाठी. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं होतं की जो जास्त टीव्ही बघतो त्याला जग असतं त्याहून क्रूर वाटायला लागतं. आमच्या गल्लीत त्या सबंध काळात घरफोडी झाली नव्हती. पण तिचा दिवस गल्लीत जात नव्हताच. माझ्या लेकीसाठी जिनं टीव्ही बंद केला, तिच्यासाठी बंद करायला घरात कुणी नव्हतं. मी जात होते, पण रोज नाही. नोकरी लागली होती, गाडी आली होती. हे मला सलतं.

रॉजर्स २७ फेब्रुवारी २००३ ला गेले. त्या सकाळी तिनंच भिंतीवर टकटक करून सांगितलं.

पुढं तिचा मुलगा येऊन तिला वृद्धाश्रमात घेऊन गेला. मी दर रविवारी जायचे. मोठी बैठकीची खोली, भिंतीवर भला मोठा टीव्ही, आणि समोर अर्धवर्तुळात चाकाच्या खुर्च्या. कुणी झोपलेलं, कुणी बघत असलेलं. शेवटच्या वर्षी तिला माझं नाव आठवेना. मी लेकीचं नाव सांगितलं, ग्रीनफिल्ड म्हटलं, बर्फ म्हटलं. ती माझ्याकडं नुसती पाहत राहिली. टीव्हीवर कुठल्याशा गोळीची जाहिरात चालली होती, हसरी माणसं, हिरवळ, कुत्रा.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. तशी तिनं मांडीवरच्या शालीत हात घालून रिमोट शोधला, थरथरत्या अंगठ्यानं दोनदा चुकून, तिसऱ्यांदा आवाज बंद केला, आणि आपली खुर्ची हळूहळू माझ्याकडं वळवायला लागली.